तेराव्या वाटेची चावी

बसा, घाई कुणाला आहे? शटर अर्धं ओढलंय, आता गिऱ्हाईक यायचं नाही.

ही गोष्ट आपल्या दुकानातून कोऱ्या चाव्या नेणाऱ्या चावीवाल्याची. डाव्या अंगठ्यावर कानशीचा तिरका व्रण आहे, तोच. खोटं बोलायचा त्याला आळस. लक्षात कोण ठेवणार, म्हणतो. एकदा एका गोडबोल्याला त्याने भलत्याच घराचं कुलूप उघडून दिलं आणि दोन दिवस चौकीत काढले. तेव्हापासून कुलपाला हात लावण्याआधी एकच प्रश्न, "घर तुमचंच कशावरून?" माहेराहून लवकर परतले तर मलाही विचारतील, असं त्याची बायको सांगते.

नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. संध्याकाळचे पावणेआठ. पाण्याच्या टाकीमागच्या एकट्या घरातून त्याला बोलावणं आलं. फाटकात पन्नाशीच्या बाई, हातात चाव्यांचा जुडगा.

"दादा आत अडकलाय हो, कालपासून. मघाशी खोकला ऐकू आला. आता तोही नाही."

"घर तुमचंच कशावरून, ताई?"

"माझं नाहीच. दादाचं. मी परगावी असते."

झालं! चावीवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. बाईंनी विजेचं बिल दाखवलं. त्यावरचं आडनाव बाईंनी सांगितलेल्या आडनावाहून वेगळं.

"लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, हे ऐकलं नाही का कधी?" त्या कडाडल्या. "तिकडे माणूस मरेल, आणि तुम्ही कागद वाचा!"

तो वरमला, पण जुडगा मात्र मोजून घेतला. पितळी आकडे अकरापासून बत्तीसपर्यंत. मधला तेरा गायब.

"तेरावी कुठाय? आणि पहिल्या दहा?"

"तेरावी दादाजवळ. पहिल्या दहा नाहीतच. ते बघा."

त्या त्याला ओसरीत घेऊन आल्या. भिंतीवर एक मोठी आकृती होती. दहा वर्तुळं, त्यांना जोडणाऱ्या बावीस रेघा. दादा गणिताचे निवृत्त मास्तर. गूढविद्येतल्या या जुन्या आकृतीपायी त्यांनी उभा जन्म घालवला, आणि घरही तसंच बांधलं.

"वर्तुळं म्हणजे खोल्या, एक ते दहा," बाई म्हणाल्या. "रेघा म्हणजे वाटा. त्यांचे आकडे अकरापासून. दादा म्हणतो, वर्तुळात माणूस नुसता असतो. बदलतो तो वाटेवर."

"आणि हे काय?" तेराव्या लांब रेघेवर, मध्येच, तुटक रेघांचं एक रिकामं वर्तुळ होतं. त्याला आकडाच नव्हता.

"तिथे थांबायचं नसतं म्हणे. वाट दोन्हीकडून चालू असते. पलीकडून येणारा तिथेच भेटतो."

"येणारा कोण?"

"ते मला नाही सांगितलं त्याने."

चावीवाल्याने त्यांना पुढे घातलं. अशा घरात पाठ कुणाला दाखवायची? एकेक दार उघडत दोघं सहाव्या खोलीत आले. समोर लांब, अंधारी बोळकांडी. तिच्या मधोमध बंद दार. आकडा तेरा. त्याच्या पलीकडे पहिली खोली, आणि तिथे दादा. त्या खोलीच्या बाकीच्या वाटांना आतून कड्या.

"तुम्ही इथेच थांबा. आणि बोलत राहा. आवाज थांबला की मी चाललो घरी."

बाई दादाच्या लहानपणच्या खोड्या सांगू लागल्या. तो दारापाशी बसला. मेणबत्ती पेटवली. कोऱ्या चावीवर काजळी धरली, कुलपात घालून फिरवली, बाहेर काढली. जिथे काजळी खरवडते तिथे कानस चालवायची, असं ते काम. पहिली खाच झाली. दुसरी झाली.

तो थांबला.

कानशीचा आवाज थांबला नाही.

दाराच्या आतून... खर्र... खर्र... आणि मग थांबला.

"मास्तर?"

त्याने कानस एकदाच ओढली. आतून... एकदाच.

मागे बाईंचं बोलणं चालूच होतं. म्हणजे त्या नव्हेत.

त्याने कान दाराला लावला. पलीकडे श्वास. अगदी जवळ. तोही कान लावून... आणि मग आवाज आला. दबका, संशयी. त्याचा स्वतःचा आवाज...

"घर तुमचंच कशावरून?"

कानस तिथेच पडली. तो बाईंचा हात धरून पळाला तो थेट फाटकात. तिथून अग्निशमनवाल्यांना फोन केला, ते मात्र त्याने टाळलं नाही. आतला माणूस दादा असो की नसो, त्याला तसं सोडून जाणं जमेना.

साडेनऊला दार फोडलं. पलीकडे दादाच. खुब्याचं हाड मोडून पडलेले, पण जिवंत. स्ट्रेचरवरून बहिणीला म्हणाले, "चावीवाल्याला चहा दे गं. मघापासून उशाशी बसून पाणी पाजतोय बिचारा."

चावीवाला फाटकाबाहेर, गर्दीत उभा होता.

फोडलेल्या कुलपात, आतल्या बाजूने, एक चावी अडकलेली होती. तेरा आकड्याची? छे! ती तर दादांच्या खिशात सापडली. ही वेगळी. दुसऱ्याच दिवशी चावीवाला ही आणि स्वतःची अर्धवट चावी, दोन्ही इथे ठेवून गेला. घरात नको म्हणतो.

ही बघा, त्याची. दोनच खाचा. आणि ही कुलपातली. पाचही खाचा पुऱ्या, हात त्याचाच, कोरी चावी आपल्याच दुकानातली. हिच्या मुठीवर काजळीचा अंगठा उमटलाय. पुसून पाहिला, जात नाही.

जरा उजेडात धरा.

...तिरका व्रण दिसतोय?