शेजारची खळगी

बस ना, ऐक. कोलशेतच्या एका लॅबमध्ये मी डुकरांची हृदयं तपासते. हे कळल्यापासून कोपरच्या आमच्या सोसायटीतल्या बायका माझ्या हातचा चहा घेत नाहीत. नको तर नको, माझी साखर वाचते.

वरून धडधाकट दिसणाऱ्या डुकराच्या हृदयातही एक परजीवी वर्षानुवर्षं निजून राहतो. हृदयातून निथळलेलं पाणी आम्ही खळग्या-खळग्यांच्या ताटलीत औषध घालून रात्रभर झाकून ठेवतो. सकाळी तळाशी बटणासारखा ठिपका दिसला तर साफ, जाळी पसरलेली दिसली तर परजीवी आहे. ताडून बघायला एका खळगीत माझं रक्त घालतो. गेल्या वर्षीच काढून गोठवलेलं, साफ असलेलं.

गर्भारशीला हा परजीवी लागला तर पोटातल्या बाळाचं खरं नसतं. माझी आधीची दोन गेलेली. आता सहावा महिना, म्हणून हृदयं माझ्यासोबत काम करणारा धम्मपाल कापतो, मी नुसती ताटली बघते.

त्या सकाळी सगळी हृदयं साफ निघाली. जाळी होती ती माझ्या खळगीत.

"गोठवलेल्या रक्ताला रोग लागतो का कधी? उगाच घाबरू नको, संचिता," धम्मपाल म्हणाला. तरी मी बाहेर जाऊन ताजं रक्त तपासून घेतलं. साफ आलं. घरी देवापुढे साखर ठेवली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आले, तर धम्मपाल ताटली धुवायला निघालेला. ब्लीचचा पहिला थेंब माझ्या खळगीत पडला. जाळी आक्रसली... आणि माझं पोट दगडासारखं घट्ट झालं. बाळ हलेचना.

"थांब रे... ठेव ती खाली."

"अगं, काय झालं?"

"ठेव म्हणते ना..."

त्याने ठेवली. जाळी हळूहळू पुन्हा पसरली, मग बाळाने लाथ मारली. धम्मपालने सगळं पाहिलं. ब्लीचची बाटली उचलून त्याने कपाटात ठेवून दिली.

ताटली अजून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात आहे. कोणाला हात लावू देत नाही मी. भीती वाटते, खूप वाटते, पण हे बाळ मला हवंय.

परवा शेजारच्या खळगीतही जाळी दिसली. ती रिकामीच होती, तिच्यात कोणी काही घातलेलं नव्हतं.

काल सोनोग्राफीला डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र पुन्हा पुन्हा फिरवलं. मग स्क्रीन स्वतःकडे वळवून त्यांनी हळूच विचारलं, "आधी एकच बाळ दिसलेलं ना...?"