घुमणारा कोपरा

कळव्याच्या खाडीकडच्या गावठाणात परशुरामानं मागच्या खोलीचा स्टुडिओ करायला घेतला, तेव्हा लोकांनी त्याला येड्यात काढलं. लग्नाकार्यात स्पीकर भाड्यानं देणारा गडी, याला कसला आलाय स्टुडिओ! पण परशुरामाला कॅसेटी विकायच्या नव्हत्या. त्याची आई, तुळसा, गावची धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाचे धवले तिनं गायचे, बायांनी मागून ओळ झेलायची, तेव्हा कुठं त्या घरात लग्न उभं राहायचं. त्या तुळसाच्या गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, जीव वाचेल, पण आवाज जाईल. ऑपरेशन सोमवारी होतं. त्याआधी आईचा आवाज टेपवर धरून ठेवायचा, एवढ्यासाठीच पोराचा जीव तळमळत होता.

तुळसा मात्र आपला हेका सोडेना. "नवरी नाय, हलद नाय, कोनासाठी गाऊ रं? रिकाम्या घरान धवला नाय गायचा."

आणि खोली तर त्याहून हट्टी. पत्र्याचं छप्पर, गुळगुळीत भिंती. साधं खाकरलं तरी आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर हिंडत बसायचा. परशुराम फुगा फोडायचा आणि टेपच्या काट्याकडे डोळे लावायचा. काटा जितका सावकाश खाली येईल, तितकी खोली जास्त घुमते. त्यानं छताला गोणपाट मारलं, भिंतींवर शेजारपाजारच्या गोधड्या टांगल्या. काटा पटकन पडू लागला. फक्त खाडीकडचा कोपरा ऐकेना. तिकडं तोंड करून टाळी वाजवली, की थोड्या वेळानं तिथून दुसरी टाळी यायचीच.

"अजून एक जाड गोधडी लागेल गं," तो बायकोला म्हणाला.

"आता लोकांनी पांघरायचं काय?" मालन म्हणाली. "होत्या तेवढ्या आणल्यात."

मग त्यानं आईची पेटी उपसली. तळाशी सगुणाची गोधडी होती.

सगुणा त्याची थोरली बहीण. हळद लागली त्याच दिवशी तापानं फणफणली आणि डोक्यावर अक्षता पडायच्या आधीच गेली. गेलेल्या माणसाचे कपडे, अंथरूण-पांघरूण सगळं खाडीत सोडायचं, ही घरची रीत. पण लेकीचं हळदीनं माखलेलं लुगडं तुळसाला सोडवेना. तिनं ते गोधडीत शिवून टाकलं आणि पेटीत दडवलं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

"अहो, ती नको..." मालन मागं सरकली.

"अगं, चिंधी ती चिंधीच," परशुराम म्हणाला. त्यानं गोधडी कोपऱ्यात टांगली आणि टाळी वाजवली. काहीच परत आलं नाही. बिचाऱ्याला केवढं हायसं वाटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर, पुन्हा पाया पडायचं ठरवून, तो आईला खोलीत घेऊन आला. तुळसा दारातच थबकली. आता ही आपल्याला फाडून खाणार, म्हणून त्यानं मान खाली घातली. पण ती सावकाश चालत गेली आणि गोधडीसमोर मांडी घालून बसली.

"नवरी हाय की..." ती पुटपुटली. "दार लाव."

परशुराम माईक आत ठेवून बाहेर टेपपाशी बसला. जाड दारातून त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण काटा नाचत होता, मधूनच थांबत होता, पुन्हा नाचत होता. आईचा आवाज वाचला, या एका विचारानं त्याला रडू फुटलं. काटा शांत झाल्यावर दार उघडलं. तुळसानं बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले. बाहेर काहीच आलं नाही.

"आये? आये, बोल ना..."

ती नुसती हसली. त्यानं घाईघाईनं टेप मागं घेतली आणि लावली.

आईच्या ओळीच्या जागी नुसती खरखर होती. खरखर थांबली, की एक कोवळा आवाज ओळ झेलायचा. पुन्हा खरखर, पुन्हा तो आवाज. असे सगळे धवले. मागं येऊन उभ्या राहिलेल्या मालनला तो आवाज अनोळखी होता. परशुरामाला नव्हता. लहानपणी सगुणा याच आवाजात त्याला जेवायला हाक मारायची.

शेवटी पाठवणी आली. सासरी निघालेली नवरी पाठराखीण म्हणून जिला सोबत नेते, तिचं नाव त्या ओळीत घालतात.

"...तुळसा," टेपमधला आवाज गायला आणि थांबला.

परशुरामानं टेप बंद केली. "आये, सोमवारी दवाखान्यात जायचंय आपल्याला..." तुळसाचं लक्षच नव्हतं. मालननं भरून ठेवलेली दवाखान्याची पिशवी तिनं बाजूला सारली, नवं लुगडं काढलं, नेसली, केस विंचरले. मग खाडीकडच्या दारातून निघाली. परशुराम धावला, तिला अडवायला तिचा हात धरू लागला. तो हात मोकळा नव्हता. कुणाचा तरी हात घट्ट धरावा तशी तिची बोटं मिटली होती आणि तो हात पुढं ओढला जात होता.