झेडचे पाच शब्द

“डोझ म्हणजे झोप न्हाय, मॅडम. डुलकी.”

मागून आवाज आला तेव्हा खडू अजून माझ्या बोटांत होता. परंड्यातल्या आमच्या अभ्यासिकेची रीतच होती. रोज एकानं फळ्यावर पाच छोटे इंग्रजी शब्द लिहायचे, सगळ्यांत एक अक्षर सारखं हवं, आणि पुढं मराठी अर्थ. परीक्षेत असलेच शब्द दगा देतात. अर्थ चुकला, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन हॉल झाडायचा. त्या दिवशी माझ्या वाट्याला झेड आला होता... गेझ, हेझ, मेझ, डेझ, डोझ.

“झोप काय नि डुलकी काय,” मी फणकारले.

“झोप घरी. डुलकी इथं, पुस्तकावर. काल दुपारी तुम्ही काढली ती.”

हॉल हसला. मी फळ्याकडं वळले.

“आणि गेझ म्हणजे टक लावून बघणं. काल दुपारी तुम्ही काय करत होता, ते कळलं!”

हॉल आणखी हसला. तो मात्र कानापर्यंत लाल झाला.

त्याचं नाव महारुद्र. सोनारीचा. तीन एकर रान, दोन बैल, आणि रोज एसटीनं परंड्याला येऊन दिवसभर अभ्यास. दुसऱ्या दिवशी मी हॉल झाडला. तिसऱ्या दिवशी त्याची पाळी होती, अक्षर एक्स. टॅक्स, वॅक्स, फिक्स, मिक्स सगळे बरोबर. आणि शेवटी त्यानं लिहिलं — ऑक्स म्हणजे गाढव.

दावणीला दोन बैल असणारा माणूस!

चौथ्या दिवशी सकाळी लवकर जायचं मला काहीच कारण नव्हतं. तरी साडेसहाला मी पायऱ्या चढत होते. तो बाकांखालून झाडू फिरवत होता.

“तुमची पाळी तर परवाच झाली की,” तो म्हणाला.

“कोपऱ्यात धूळ राहिली होती... ऑक्सचा अर्थ माहीत नव्हता होय तुम्हाला?”

“माहीत होता,” तो म्हणाला. मान वर न करता. “सकाळी इथं एकटं बसून बघायचं होतं, तुम्ही बसता त्या खिडकीतनं काय दिसतं ते.”

“काय दिसतं?”

“काहीच न्हाय. एसटी स्टँड.”

मी दुसरा झाडू उचलला. हिवाळाभर आमच्या दोघांचेच अर्थ इतके कसे चुकतात, हे पुढं कुणी विचारलंसुद्धा नाही.

आम्ही तयारी करत होतो त्या सरकारी भरतीला सत्ताविसाव्या वर्षानंतर बसता येत नव्हतं. मला अजून चार वर्षं होती, त्याला ही शेवटचीच संधी. आणि माझ्या वडिलांचं, हिंमतराव आबांचं, गावभर ठाऊक असलेलं एकच वाक्य होतं : जावई नोकरीवाला. मी महारुद्रला ते सांगितलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो पायऱ्यांवर थांबला.

“अयोध्या,” पहिल्यांदाच नाव घेतलं त्यानं, “पास झालो, तर माणसं पाठवीन तुमच्याकडं. न्हाय झालो... तर न्हाय.”

मला ‘तर न्हाय’ आवडलं नव्हतं. पण उद्या पेपर होता. मी पायऱ्या उतरून निघाले.

निकाल लागला तेव्हा रानात हरभरा काढणीला आला होता. यादीत माझं नाव होतं. त्याचं दोन मार्कांनी गेलं.

तो अभ्यासिकेत आला नाही. फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी त्याची पुस्तकं बांधून नेली, आणि त्या संध्याकाळी मी आबांच्या ताटापुढं बसले. सगळं सांगितलं. शेवटी मी म्हणाले, “तुम्हाला नोकरीवाला जावई पाहिजे. नोकरी आली की घरात, आबा. माझी.”

भाकरी मोडता मोडता त्यांचा हात थांबला.

“लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, हिंमतरावांची पोरगी कमावती आहे.”

 आबांनी ताटातच हात धुतला आणि ते उठले. मी रडले, त्यांच्या पाठीला दिसलं नसावं.

सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. “सोनारीची गाडी कितीला हाय? चल तूबी. बोलायचं ते तुझ्यादेखत.”

महारुद्र हरभरा उपटत होता. आम्हाला बघून उभा राहिला, मातीचे हात कुठं लपवावेत ते कळेना त्याला. माझ्याकडं बघितलंच नाही.

“दोन मार्कं गेली म्हणं,” आबा म्हणाले.

“व्हय.”

“हिची नेमणूक लांब आली तर? चारशे मैलांवर?”

“रान सोडता येत न्हाय, आबा,” तो सावकाश म्हणाला. “पेरणी-काढणीत हितं राहीन. बाकी तिकडं.”

“आणि घरात पोर आल्यावर म्हणशील, सोड नोकरी. तसं असंल तर आत्ताच सांग. मी हिला घेऊन जातो.”

आता त्यानं माझ्याकडं बघितलं. चार दिवसांत डोळे खोल गेले होते.

“ती नोकरी मला मिळाली न्हाय. किती लागतं मिळवायला, ते मला ठावं हाय,” तो म्हणाला. “सोडायचं नाव हिनं काढलं, तरी मी सोडू देणार न्हाय.”

आबा बांधावरून खाली उतरले. मग टोपी काढली, बाभळीच्या सावलीत बसले, आणि म्हणाले, “पाणी आण की रं. पावण्याला असंच बसवतेत व्हय सोनारीत?”

तो पळाला... आणि घागर कुठं ठेवलीय तेच विसरला. मग घागर शोधायला मीच निघाले.