फरक शून्य

जाखाईच्या देवळाबाहेर रूपकोश केंद्राची फिरती प्रयोगशाळा उभी होती. आत पडद्यासमोर बसलेल्या डॉ. इरावती टिळेकरांच्या मनातून रावजी गुरव काही केल्या जात नव्हता. देवीचा पितळी मुखवटा त्याने विकला आणि जागी नक्कल बसवली, अशी निनावी तक्रार केंद्रप्रमुख डॉ. उपळेकरांच्या हाती आली होती. म्हातारा सकाळपासून नजर चुकवत होता. चोराच्या मनात चांदणं, असं इरावतींनी ठरवूनच टाकलं होतं. नोंद जुळली नाही, तर संध्याकाळी रावजी पोलीस चौकीत असणार होता.

“काय म्हणतोय रूपग्राही?” उपळेकरांनी विचारलं.

रूपग्राही हे उपळेकरांनीच घडवलेलं यंत्र. वस्तूवर प्रकाश फिरवून केसाच्या हजाराव्या भागाएवढा खड्डाही ते टिपायचं. पाच वर्षांपूर्वी इरावतींनी या मुखवट्याची अशीच नोंद घेऊन रूपकोशात जपली होती. आजची नोंद तिच्यावर ठेवली, की खरंखोटं उघड.

पडद्यावर उमटलं : फरक शून्य.

“संपला विषय! मुखवटा अस्सल,” उपळेकर म्हणाले. “दाखल्यावर सही करा, निघू.”

इरावतींना हायसं वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. त्या धावतच खाली उतरल्या.

“रावजीबुवा, सुटलात!”

“सुटाया म्या केलंय काय, बाई?” रावजीने डोळे पुसले. “रोज पहाटे चिंच अन् राख लावून आईचं तोंड घासतो. आज बी घासलं.”

“रोज? खाडा नाही?”

“तोंड न धुता आईला निवद दावीन व्हय?”

इरावतींचा चेहराच उतरला. त्या गाडीत परतल्या.

“सर, घासल्यावर पितळ झिजतं. पाच वर्षं रोज घासलेला मुखवटा जुन्या नोंदीशी तंतोतंत जुळेलच कसा?”

“एवढी झीज यंत्राला दिसत नसेल.”

“केसाचा हजारावा भाग दिसतो, हे तुम्हीच शिकवलंत. झीज शून्य, म्हणजे या पितळेला चिंच लागलेलीच नाही. आपल्या नोंदीवरून केंद्रातल्या धातुमुद्रकाने छापलेली कोरी प्रत आहे ही.”

“मग गुरवानेच बसवली असेल!”

“नोंद त्याला कुठून मिळणार? रूपकोश फक्त तुमच्या आणि माझ्या बोटांच्या ठशांनी उघडतो. आणि प्रत बसवली तीही आजच, पूजेनंतर. आधी बसली असती, तर पहाटे घासली गेली असती.” इरावतींनी पडद्यावरची नजर उपळेकरांकडे वळवली. “पूजेनंतर किरणांची भीती घालून सगळ्यांना बाहेर काढलंत आणि यंत्राची पेटी घेऊन एकटेच गाभाऱ्यात गेलात आणि तीच पेटी परत गाडीत आणलीत, सर.”

उपळेकरांनी चालकाला गाडी काढायची खूण केली.

ती निनावी तक्रारही उपळेकरांचीच, हे आता इरावतींना कळलं. एकदा अस्सलपणाचा दाखला मिळाला, की मुखवट्याकडे पुन्हा संशयाने बघणार कोण? आणि त्या दाखल्यावर सही मात्र इरावतींची! संतापाने त्यांनी चालकाच्या हातातली किल्ली हिसकावली आणि खाली उडी मारली.

“रावजीबुवा, गाव गोळा करा. गाडी हलता कामा नये.”

“पर आईचं तर जुळलं म्हनला न्हवं?” रावजी गोंधळला. “मंग आत बसलीया ती कोन?”

“ती आमची,” इरावती म्हणाल्या. “तुमची आमच्या गाडीत आहे.”