खाली कोणी आहे का

सोमवारी दुपारी तीन वाजता चंपतराव ट्रॅक्टरवर चढले नाहीत. सक्करदरा तलावाच्या कोरड्या पात्रात, सगळ्या मजुरांच्या देखत, त्यांनी इंजिन फिरवायचं हँडल जमिनीवर ठेवलं, डोक्याच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि भैयाजी ठेकेदारांना सांगितलं, की खाली माणूस आहे, तो निघेपर्यंत गाडी सुरू होणार नाही.

भैयाजींनी गुडघ्यावर बसून खाली पाहिलं. खाली कोणी नव्हतं.

१९४६ सालचा मे महिना होता. लढाई संपून वर्ष होत आलं होतं आणि लष्कराचं उरलंसुरलं सामान लिलावात निघत होतं. भैयाजींचं इतवारीत लोखंडाचं दुकान. त्यांनी हा पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर लिलावात घेतला, तो त्याचं इंजिन ऐकून. पुढचं पातं कशासाठी आहे, हे त्यांना नागपूरला मालधक्क्यावर कळलं. माणसाच्या छातीइतकं उंच, मधोमध धार काढून दोन्हीकडे वळवलेलं ते पातं डोंगरातल्या रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायचं होतं. हमाल पोट धरून हसले. तेव्हापासून गाडीचं नाव बर्फगाडी पडलं. भैयाजींनी हसू मनावर घेतलं नाही. तलावाचा गाळ काढायचं काम त्यांच्या हाती आलं होतं आणि मृग लागायच्या आत ते पुरं करायचं होतं. गाळ काय अन् बर्फ काय, ढकलायचंच तर आहे, असं ते म्हणत.

चंपतराव कोष्ट्याच्या घरातले. हातमागाचा धंदा बसला तेव्हा ते फौजेत गेले आणि रस्ते राखणाऱ्या पलटणीत असली गाडी चालवायला शिकले. सरहद्दीवरच्या घाटात त्यांनी काही हिवाळे काढले होते. नागपुरात ही गाडी ओळखणारा दुसरा माणूस नव्हता. आल्या आल्या त्यांनी थंडीसाठी घातलेलं पातळ तेल काढून जाड तेल भरलं. पाणी गोठू नये म्हणून टाकीत घातलेलं गोडसर वासाचं औषध ओतून टाकलं आणि साधं पाणी भरलं. सैल पट्टे ताणून घेतले. गाडी थांबली की पातं जमिनीला टेकवायचं, इंजिन बंद झाल्याशिवाय पट्ट्यातल्या मातीला हात लावायचा नाही, उतारावर आडवी उभी करायची नाही, हे त्यांनी मदतनीस नत्थूजींना पहिल्याच दिवशी सांगितलं.

आणखी एक रीत होती. सुरू करण्याआधी गाडीला पुरता फेरा घालायचा, डाव्या पट्ट्यावर हातोडीचे ठोके मारायचे, विचारायचं, "खाली कोणी आहे का?" आणि थांबायचं. घाटात रात्री हमाल गरम इंजिनाच्या आडोशाला पोटाखाली शिरून निजत. वर बर्फ पडून सगळं सपाट होई. गारठलेल्या माणसाला तोंड उघडायला वेळ लागतो, म्हणून लगेच हँडल मारायचं नाही. आतून उत्तर आलं तर माणूस बाहेर येईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही.

"इथं कोण गारठून राह्यलं जी?" नत्थूजी म्हणाले. "इथं विचारा, खाली कोणी भाजून राह्यलं का."

नत्थूजींच्या थट्टेला कोणी रागवत नसे. ते आणि त्यांची बायको रंभाबाई दोघंही याच कामावर होते. ते गाडीला तेल-वंगण करत, पट्टे खरवडत. रंभाबाई गाळाच्या टोपल्या बांधावर वाहत. पण रीत नागपुरातही चुकीची नव्हती. तलावात झाड नव्हतं. दुपारच्या सुट्टीत सावली एकच, गाडीची. चार-पाच माणसं तरी तिथे आडवी होत.

ही सावली झाडाखालच्या सावलीपेक्षा थंड आहे, हे आधी बायकांच्या लक्षात आलं. मग पोटाखालचा पत्रा पाझरू लागला. चंपतरावांनी टाकी पाहिली, तर पाणी काठोकाठ होतं. नळ्या कोरड्या होत्या. दिवसभर आगीसारख्या उन्हात चाललेल्या गाडीच्या पत्र्यावरून थेंब पडत होते आणि ते थेंब हाताला झोंबत होते. वंगणाच्या डब्यातलं वंगण पातळ व्हायचं सोडून मेणासारखं घट्ट झालं होतं. नत्थूजींनी आपला पितळी गडवा पत्र्याखाली ठेवायला सुरुवात केली.

"भैयाजीनं गाडी नाही, माठ आणला," ते पाणी पिऊन म्हणाले. "घ्या जी चंपतराव. दात दुखते असं थंडं आहे."

चंपतरावांनी घेतलं नाही.

त्या सोमवारी सुट्टी संपली. माणसं उठून कामाला लागली. चंपतरावांनी फेरा घातला, ठोके मारले, विचारलं.

"हाव," खालून होकार आला.

आवाज पुरुषाचा होता, दमलेला. चंपतराव थांबले. कोणी आलं नाही. त्यांनी वाकून पाहिलं, मग पालथे पडून पाहिलं. एका बाजूच्या पट्ट्यापासून दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यापर्यंत मोकळी, ओलसर जमीन होती. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा "हाव" आलं, या वेळी जवळून. नत्थूजी शेजारीच होते. त्यांनीही ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांना थट्टा सुचली नाही. मग चंपतरावांनी हँडल खाली ठेवलं आणि भैयाजींना बोलावणं पाठवलं.

भैयाजी गुडघ्यावरून उठले. ते मूर्ख नव्हते आणि भित्रेही नव्हते. त्यांनी स्वतः हातोडी घेतली, ठोके मारले आणि विचारलं.

"हाव."

भैयाजींनी धोतराची माती झटकली. मग शांतपणे म्हणाले, "उद्यापासून विचारायचं नाही."

"भैयाजी, मंग मले चालवता येणार नाही."

"नको चालवू. तू बांधावर टोपल्या पाहा. चालवणारे भेटते."

दुसऱ्या दिवशी कामठीहून ओमप्रकाश आला. लॉरी चालवणारा, हाताचा चलाख. त्यानं हँडल मारून इंजिन सुरू केलं, तो वर चढला आणि गाडी गेली. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही काही झालं नाही. गाळाचे ढीग भराभर वाढले. भैयाजी बांधावर येऊन चंपतरावांशेजारी उभे राहिले.

"पाह्यलं ना? विचारलं नाही, तर कोणी बोलत नाही. दुनियेत सगळीकडे असंच आहे गा."

चंपतराव टोपल्या मोजत राहिले. संध्याकाळी त्यांनी नत्थूजींना गाठलं. "त्या सावलीत निजू नका जी. हा पोट्टा पाहत नाही, विचारत नाही."

"मंग उन्हात मरू का?" नत्थूजी म्हणाले. "माही झोप सावध आहे. इंजिन गुरगुरलं का उठतो."

रंभाबाई मागून म्हणाल्या, "सावध कायची! घरी भांडं पडलं तरी हे कूस बदलत नाही."

गुरुवारी दुपारी चंपतराव बांधावर होते. ओमप्रकाश विडी टाकून हँडलकडे जाताना त्यांना दिसला. मग डाव्या पट्ट्याशी त्यांना नत्थूजींच्या चपला दिसल्या, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या. ते ओरडत उतारावरून धावले. इंजिन सुरू झालं होतं. बायकाही ओरडल्या, कारण नत्थूजींना आत सरकताना त्यांनी पाहिलं होतं. गाडी आपल्या लांबीइतकी पुढे गेली आणि थांबली.

ती उभी होती त्या जागी जमीन मोकळी होती.

रक्त नव्हतं. कपड्याची चिंधी नव्हती. पट्टे खोलून पाहिले. जमीन कमरेइतकी खणली. वरची माती कोरडी होती आणि खाली जावं तसा गाळ गार होत गेला, इतका की खणणाऱ्यांनी हात काखेत धरले. पोलीस आले. माणूस पळून गेला असेल, असं ते म्हणाले.

"चपला ठेवून?" रंभाबाईंनी विचारलं.

ओमप्रकाश त्याच संध्याकाळी कामठीला गेला, तो जेवणाचा डबाही न घेता.

शुक्रवारी चंपतराव एकटेच तलावात उतरले. रंभाबाई त्यांच्यामागून आल्या. चंपतरावांनी फेरा घातला, पट्ट्यावर ठोके मारले.

"खाली कोणी आहे का?"

"हाव," नत्थूजी म्हणाले.

रंभाबाई जमिनीवर आडव्या झाल्या, गाल मातीला लावला. खाली पलीकडचा उजेड आरपार दिसत होता. "अवं माय," त्या हळूच म्हणाल्या, मग त्याहून हळू, "बाहेर या ना जी."

"येऊन राह्यलो. थांब जराशी."

त्या थांबल्या. काम बंद पडलं. बाकी मजूर दुसरीकडे गेले. रंभाबाई रोज भाकर बांधून आणत, गाडीशी बसत, ठोके मारत, विचारत. रोज तेच उत्तर येई. आवाजात दुःख नव्हतं, घाईही नव्हती. फक्त दर दिवशी शब्द थोडे सावकाश येत, जसे जबडा आखडलेल्या माणसाचे येतात. चंपतरावांना तो सावकाशपणा ओळखीचा होता. त्यांनी रंभाबाईंना ते सांगितलं नाही.

भैयाजी दोनदा येऊन गेले. त्यांनी कोणाला हटकलं नाही. आकाशाकडे मात्र पाहिलं.

मग वरच्या अंगाला पाऊस झाला आणि नाल्याचं पाणी तलावात शिरलं. सकाळी गाडीच्या पट्ट्यांखाली ओल होती. दुपारी पाणी घोट्याला लागलं.

"चंपत, काढ," भैयाजी म्हणाले. "लोखंड आहे, बुडालं तर बुडालं. पण खाली जो काही आहे, त्याचा तरी विचार कर."

"त्याचाच करून राह्यलो. खालून उत्तर येते तोवर हँडल मारायचं नाही."

"खाली कोणी नाही. तू पाह्यलं, मी पाह्यलं."

"पाह्यलं, तसं दोघायनं ऐकलंही आहे."

पाणी पोटाखालच्या पत्र्यापासून वीतभर उरलं होतं. सुरू केली, तर उत्तर देणाऱ्या माणसाच्या अंगावरून. सोडून दिली, तर तो माणूस पाण्याखाली. घाटातल्या रीतीत याचा विचार कोणी केलेला नव्हता.

"चंपतभाऊ," रंभाबाई म्हणाल्या. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. "काढा गाडी. पाण्यात नोका ठेवू त्याईले."

"बाई, त्यातून काही झालं तर?"

"तर मी म्हटलं, असं सांगजा."

चंपतरावांनी फेरा घातला. ठोके मारले. विचारलं.

"येऊन... राह्यलो."

त्यांनी हँडल मारलं.

हँडलच्या पहिल्या फेऱ्यात इंजिननं धरलं नाही. दुसऱ्यात धरलं. ते चढले, पातं उचललं आणि गाडी मागे घेतली.

पट्टे पाण्यातून वर आले.

पट्ट्यांखाली काही अडखळलं नाही. काही मऊ लागलं नाही.

बांधाच्या माथ्यावर त्यांनी गाडी सपाटीला आणली, पातं टेकवलं, इंजिन बंद केलं. खाली, ती उभी होती त्या जागेवर पाणी सरळ चालून गेलं.

रंभाबाई चढून आल्या. भैयाजी आले.

चंपतरावांनी हातोडी घेतली.

"खाली कोणी आहे का?"

ते थांबले. पूर्ण थांबले, पार गोठलेल्या माणसाला तोंड उघडायला लागेल त्याच्या दुप्पट. घाटात विचारल्यावर आतून काही आलं नाही, तर त्याचे अर्थ दोनच असत. आत कोणी नाही, किंवा उशीर झाला आहे.

काही आलं नाही.

रंभाबाईंनी त्यांच्या हातातली हातोडी घेतली आणि स्वतः विचारलं. नाव घेऊन विचारलं, जे त्यांनी आजवर फक्त लग्नात उखाण्यात घेतलं होतं. मग त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांच्या बांगड्या पट्ट्याच्या लोखंडावर फोडल्या. भैयाजींनी तोंड फिरवलं.

दिवस केले. तेरवीचं जेवण भैयाजींनी घातलं. पोलिसांच्या कागदात नत्थूजी अजून बेपत्ता होते, पण मोहल्ल्यात ते मेले होते. रंभाबाईंना भाऊ येऊन उमरेडला घेऊन गेला. जाताना त्या चंपतरावांच्या घरी थांबल्या.

"तुमचा काही दोष नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "सुटले ते. मले आता रात्री झोप लागते."

चंपतरावांना लागत नव्हती.

आषाढात भैयाजींनी त्यांना बोलावलं. गाडी भैयाजींच्या घरामागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली उभी होती. नवीन गिऱ्हाईक पाहायला यायचं होतं, इंजिन सुरू करून दाखवायचं होतं. भैयाजींचा चेहरा उतरला होता. त्यांनी हातोडी पुढे केली.

"मी विचारलं," ते म्हणाले. "आता तू विचार. माहे कान खराब झाले असतील."

चंपतरावांनी फेरा घातला आणि पट्ट्यावर ठोके मारले.

"खाली कोणी आहे का?"

"हाव, चंपतराव," नत्थूजी म्हणाले. शब्द मोकळे होते, जरासे कुरकुरल्यासारखे. "मी कवाचा येऊन राह्यलो. रंभी काहून नाही आली आज?"

चंपतराव हातोडी धरून उभे राहिले. भैयाजी छपराच्या खांबाला टेकून उभे होते.

"उमरेडला कळवायचं का?" भैयाजींनी विचारलं.

चंपतरावांनी हातोडी त्यांच्या हातात दिली आणि ते घरी गेले.

गिऱ्हाईक परत गेलं. भाद्रपद लागला आहे. गाडी तिथेच आहे आणि तिच्या पात्याला गंज धरला आहे. अंगणातली ती बाजू घरच्यांनी वापरायची सोडली आहे. उमरेडला कोणी कळवलेलं नाही. भैयाजींच्या घरच्या बायका सांगतात, की आता काही विचारावं लागत नाही. दुपारी सगळं निजानीज झालं, की खालचा आवाजच रंभीचं नाव घेऊन विचारत राहतो.