वळसा घालणारा माणूस

"माझ्या नवऱ्याला आज संध्याकाळी मारून टाकतील हो, मावशी!" असं म्हणून मा टिन मे दारातच मटकन बसली.

ऊ ओन खिन माशाच्या रश्श्यातल्या शेवया भुरकत होता. त्याचा चमचा तसाच हवेत राहिला. दॉ यी शीन मात्र उठली, पाण्याचा पेला भरून आणला आणि त्या बाईच्या हातात दिला.

"कोण मारणार? सैनिक?"

"सैनिक कुठले! आमच्याच गल्लीतली पोरं!"

दॉ यी शीनचा उभा जन्म विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात गेला होता. आपोआप जळालेली दुकानं, भर उन्हाळ्यात बुडालेल्या होड्या, सगळं तिनं निस्तरलेलं. निवृत्तीनंतरही यांगूनमधले लोक आपली कोडी घेऊन तिच्याकडे यायचे. ओन खिन तिचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, जुना बस कंडक्टर. डोकं जरा सावकाश चालायचं, पण माणूस मनाचा भला होता. तिच्याबरोबर फिरायला त्याला आवडायचं.

टिन मेनं रडत रडत सांगितलं ते असं. तिचा नवरा को पाइंग बर्फ विकतो. काल आठच्या ठोक्याला सगळी गल्ली नेहमीसारखी गॅलऱ्यांत येऊन भांडी बडवत होती. लष्करानं सत्ता बळकावल्यापासून देशावरची ही पीडा हाकलायला सगळं शहरच बडवतं. आवाज थांबला तेव्हा ऊ फो ला नावाचे म्हातारे शेजारी गल्लीत मरून पडलेले दिसले. को नाय लिन हा गल्लीतल्या पोरांचा पुढारी. तो म्हणाला, सैनिक शिरले, त्यांनी म्हाताऱ्याला झोडपलं आणि पळाले.

"मग यात पाइंग कुठून आला?"

"सैनिकांना वाट कुणी दाखवली, असं पोरं विचारायला लागली. आता हा नाक्यावरच्या सैनिकांच्या चौकीला बर्फ देतो. देतो म्हणजे काय, ते गाडीवरून उचलून नेतात! झाला लगेच फितूर. कॅरमच्या क्लबात कोंडलंय त्याला. म्हातारबाबांना माती दिली की निकाल लावू म्हणतात."

"काल तुला काही ऐकू आलं?"

"त्या कल्लोळात काय ऐकू येणार? आमच्या सू ट्वेची काशाची घंटा सगळ्यांवर ताण करते, तीसुद्धा मध्येच गप्प झाली. हात भरून आला असेल बिचारीचा."

"चल," दॉ यी शीन म्हणाली. "ओन खिन, त्या शेवया आल्यावर संपव."

"आल्यावर त्यांचा लगदा झालेला असेल, ताई."

"मग लगदा खा."

वाटेत तिनं चहाच्या एका दुकानापाशी पाऊल जरा आखडलं. दंगल कुठवर आली हे ती बातम्यांवरून नाही, चहाच्या दुकानावरून ओळखायची. पहिल्या आठवड्यात दुकानदार अनोळखी माणसालाही फुकट चहा पाजत होता. मग सगळी स्टुलं रस्त्याकडे तोंड करून मांडली गेली. आज दोन माणसं शेजारी शेजारी बसली होती आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हती.

"हे वाईट," ती म्हणाली. "गोळीबारापेक्षा वाईट."

ओन खिनला त्यात वाईट काय ते कळलं नाही. पण त्यानं मान हलवली.

चिंचेच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू रचले होते. मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट होती, आणि त्या वाटेवर आडव्या दोरीला बायकांच्या नेसत्या लुंग्या टांगल्या होत्या. लाल, जांभळ्या, फुलाफुलांच्या, नीट ओळीनं. बाईच्या नेसत्या लुंगीखालून पुरुष गेला की त्याचं तेज उतरतं, असं मानणारे सैनिक कमी नव्हते. आधी लांब काठीनं दोरी खाली ओढायची आणि मगच आत पाऊल टाकायचं, ही त्यांची रीत. तेवढ्यात गल्लीला पळायला वेळ मिळे.

दॉ यी शीन आणि टिन मे दोरीखालून सरळ आत गेल्या. मागे वळून बघतात तर ओन खिन नाही. तो डाव्या अंगानं भिंतीला घासत, नाल्यावरच्या फळीवरून, एका गॅलरीखालच्या सापटीतून आत आला.

"काय रे? रस्ता होता की."

ओन खिन ओशाळला. "सवय हो ताई. माझा काही तसा विश्वास नाही. पण उगीच कशाला?"

ती हसली नाही. तिनं आधी दोरीकडे पाहिलं, मग सापटीकडे आणि मग वरच्या गॅलरीकडे. "ही दोरी कधी बांधली?"

"काल संध्याकाळी," टिन मे म्हणाली. "रोज सकाळी सोडतो. आज कुणाला सुचलंच नाही."

सापटीतला चिखल ओला होता. रबरी चपलांचे ठसे होते आणि काहीतरी ओढत नेल्याचा एक रुंद पट्टा होता.

ऊ फो ला घरात चटईवर होते. सहा फूट उंचीचा माणूस, चटई अपुरी पडत होती. त्यांनी जन्मभर फुटबॉलच्या सामन्यांत पंचगिरी केली. गल्लीतल्या प्रत्येक पोराला त्यांनी कधी ना कधी मैदानाबाहेर काढलं होतं, आणि प्रत्येक पोराचा त्यांच्यावर जीव होता.

त्यांची बायको दॉ से म्या शेजारी पंख्यानं वारा घालत बसली होती.

"आंघोळ मीच घातली," ती म्हणाली. "बाकी अंगावर कुठे वळ नाही. टाळूच तेवढी फुटलीय. केसांत लाल माती होती, विटेच्या भुकटीसारखी. दोनदा धुतले तेव्हा निघाली."

"एरवी या वेळी ते घरात असायचे ना?"

"दिवेलागणीच्या आत यायचे. काल बहिणीकडे गेले होते. बस बंद, चालत आले, म्हणून उशीर झाला."

"काकू, एक विचारू? तुमची लुंगी तुम्ही कुठे वाळत घालता?"

ओन खिननं कपाळावर हात मारला. मेलेल्या माणसाच्या घरी हा काय प्रश्न! म्हातारीला मात्र त्याचं काही वाटलं नाही.

"मागच्या अंगणात, खाली, गुडघ्याएवढ्या दोरीवर. लग्न झाल्यापासून. जुन्या वळणाचा माणूस होता तो. भांडून थकले मी."

नाय लिन क्लबाच्या दाराशी उभा होता. तिशीचा, इमारतींवर माल चढवणाऱ्या टोळीत काम करणारा, दोरखंड हाताळून तळवे कडक झालेले. डोळे रात्रभर न झोपल्यासारखे.

"तू सैनिक पाहिलेस?"

"पाहिले. चौघे होते."

"दोरी तर जशीच्या तशी आहे."

"सापटीतून आले ते. म्हणून तर म्हणतो, कुणीतरी वाट दाखवली."

"भांडी वाजत होती, सगळी गल्ली गॅलरीत होती आणि सैनिक फक्त तुला दिसले?"

"अंधार होता, मावशी. दिवे आम्हीच घालवतो." त्यानं नजर फिरवली. "काका परत येणार आहेत का या चौकशीनं?"

"नाही. पण आत एक जिवंत माणूस आहे."

आत पाइंग कॅरमच्या टेबलाखाली बसला होता. त्याचा उजवा हात मनगटापाशी सुजून टम्म झाला होता.

"मी काल दोरीखालून बाहेर गेलो आणि दोरीखालूनच आलो," तो म्हणाला. "सापटीकडे जाऊ नका म्हणून नाय लिननंच सांगितलं होतं. नाल्याची फळी कुजलीय म्हणाला."

"फळी?" ओन खिन म्हणाला. "चांगली आहे की. मी आत्ताच आलो तिच्यावरून, आणि माझं वजन काही कमी नाही!"

दॉ यी शीननं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला एकदम आपण हुशार झाल्यासारखं वाटलं.

सापटीवरची गॅलरी मा सू ट्वे या शिंपिणीची होती. लुंग्यांची दोरी तिच्याच डोक्यातून निघालेली. सू ट्वे मशीनसमोर बसली होती, पण मशीनमध्ये कापड नव्हतं.

"काल किती वेळ घंटा वाजवलीस?"

"शेवटपर्यंत," ती म्हणाली. "रोज वाजवते."

दॉ यी शीन गॅलरीत गेली. लाकडी कठड्याला नवा घासा पडला होता, दोर सरकून रंग उडालेला. तिनं सू ट्वेच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "क्लबात ये, पोरी. सगळ्यांनाच बोलावते आहे."

अर्धी गल्ली क्लबात मावली, अर्धी दाराशी उभी राहिली. दॉ से म्या भिंतीला टेकून बसली होती.

"काल या गल्लीत कुणीही सैनिक आला नाही," दॉ यी शीननं सुरुवात केली.

गलका झाला. "तुम्हाला काय माहीत?", "चौकीवाल्यांची बाजू घेता काय?", "हिलाही कोंडा!" ओन खिन घाईघाईनं तिच्या पुढे येऊन उभा राहिला. तिनं त्याला हळूच बाजूला केलं.

"ऐकून घ्या, मग काय कोंडायचं ते कोंडा. दोरी शाबूत आहे. सापटीतून आले म्हणावं, तर चिखलात बुटाचा एक ठसा नाही, नुसत्या चपला. अंगावर वळ नाही, मार बरोबर टाळूवर. सहा फुटांच्या माणसाच्या टाळूवर मारायला सैनिकांनी काय शिडी आणली होती? केसांत विटेची भुकटी. म्हणजे घाव वरून आला. सापटीवरची गॅलरी एकच आहे, आणि तिच्या कठड्यावर दोर सरकल्याची ताजी खूण आहे."

दाराशी उभे असलेले आत सरकले.

"तुम्ही विचार चांगला केला होता. सैनिक लुंग्यांखालून यायचा नाही, चोरून यायचा तर सापटीतून. मग सापटीवर विटांचं पोतं टांगा. आपली पोरं दोरीखालून येतात, त्यांना फळी कुजलीय म्हणून सांगा. जो वळसा घालेल तो परका. असंच ना, नाय लिन? दोरखंडाचं काम तुझं."

नाय लिननं आपले कडक तळवे पाठीमागे घेतले.

"आज सकाळी माझ्या ओन खिननं वळसा घातला. तो कुणाचा फितूर नाही, जुन्या सवयीचा माणूस आहे. तेव्हाच मला शंका आली. ऊ फो ला दिवेलागणीनंतर कधी बाहेर नसत. बांधलेली दोरी त्यांना काल पहिल्यांदाच आडवी आली. त्यांनी तेच केलं, जे जन्मभर केलं होतं."

"आणि पोतं आपोआप पडलं?" कुणीतरी विचारलं.

"नाही. दोर सोडायला दोन्ही हात लागतात. काल एकच घंटा मध्येच थांबली."

सू ट्वे उभी राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"अंधारात सावली दिसली. भिंतीला घासत येत होती. मला वाटलं, आपला माणूस असा चोरासारखा कशाला येईल? मी सोडला दोर." ती थांबली. "आम्हा मुलींच्या सामन्यात शिट्टी वाजवायला कुणी तयार नव्हतं तेव्हा काकाच आले होते. त्यांनाच मी ओळखलं नाही."

"मी त्यांना ओढत मध्यावर आणलं," नाय लिन एकदम बोलला. "पोतं मी लपवलं. हिला वाचवायचं होतं. सैनिक म्हटलं की कुणी विचारणार नाही असं वाटलं. पण पोरं विचारायला लागली, वाट कुणी दाखवली? मग कुणाचं तरी नाव..."

"घ्यावंच लागलं," दॉ यी शीन म्हणाली. तिला या उलगड्याचा काडीइतका आनंद नव्हता. विम्याच्या कामात खोटं पकडलं की तिला दिवसभर बरं वाटायचं. आज तिला वाटलं, आपण महिनाभर आधी या गल्लीत चहा प्यायला यायला हवं होतं.

"आता हिचं काय करायचं?" दारातून कुणीतरी विचारलं. "पोलिसांत द्यायचं?"

सगळे दॉ से म्याकडे बघायला लागले.

"त्यांच्या हाती पोरगी द्यायची?" म्हातारी म्हणाली. "परत येते का तिथून कुणी? नाही द्यायची. पण त्यांच्या तिरडीवर तुमचे झेंडेबिंडे नकोत. सैनिकांनी मारलं असं एकानंही म्हणायचं नाही. आम्ही मारलं, असं म्हणायचं."

"काकू, ते याचा फायदा घेतील!" नाय लिन कळवळला. "चौकीवाले सगळीकडे सांगत सुटतील!"

"सांगू देत. माझा माणूस गेला तो गेला, वर त्याच्या नावानं आणखी एक माणूस मारायला निघाला होतात तुम्ही."

ती उठली आणि कुणाकडे न बघता घरी गेली. सू ट्वे तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली आणि तिथेच उंबऱ्याबाहेर बसून राहिली. तिला आत ये असं कुणी म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही.

पाइंगला सोडलं. पोरं माना खाली घालून बाजूला झाली. एकानं चपला पुढे केल्या, एकानं पाणी. त्यानं दोन्हींतलं काहीच घेतलं नाही. टिन मेनं तोवर घरातलं चंबूगबाळं बर्फाच्या गाडीवर चढवायला घेतलं होतं. इथे आता एक रात्र काढायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं, आणि तिला थांब म्हणायचं तोंड कुणाला नव्हतं.

पाइंग गाडीपाशी आला. त्यानं भुशाखालची उरलेली लादी डाव्या हातानं मोकळी केली.

"उकाडा आहे," तो बायकोला म्हणाला. "संध्याकाळपर्यंत काकांना ठेवायचं म्हणजे बर्फ लागेल."

लादी एका हातानं उचलेना. नाय लिन धावत आला आणि त्यानं खाली वाकून हात घातला.

"तू हात लावू नकोस," पाइंग म्हणाला.

नाय लिन मागे सरला. दॉ यी शीननं ओन खिनकडे पाहिलं. या वेळी त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं बाह्या सारल्या, लादीचं दुसरं टोक धरलं आणि दोघं मिळून ती म्हाताऱ्याच्या घरात घेऊन गेले.