बॅगेवर रंग टिकेना

शेअर रिक्षात पावसाची तिरकी सर आली आणि इफ्राने मांडीवरची बॅग पटकन छातीशी धरली. पण उशीर झाला होता. शेजारच्या तरुणाच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर तपकिरी ओघळ उतरला होता.

"या अल्ला... तुमचा शर्ट!"

"शर्ट जाऊ द्या की. बॅगेला रंग कुणी दिलाय?"

"मीच..."

"लई कच्चा दिलाय."

इफ्राला रागही आला आणि हसूही.

गावच्या पेठेत, अब्बांच्या चपलांच्या दुकानामागे बसून ती हाताने चामड्याच्या बॅगा शिवायची. कडा गडद, मध्ये फिका, वर्षानुवर्षं वापरल्यासारखा जुनाट रंग ही तिची खासियत. पण पाणी लागलं की तो उतरायचा. पुण्याच्या एका दुकानाने त्यापायी नमुना परत पाठवला होता. पंधरा दिवसांत दुसरा द्यायचा, आणि तोही फसला तर बॅगा सोडून हैदराबादला नोकरी धरायची, असं तिने अब्बांना कबूल केलं होतं.

तरुणाचं नाव अतीक. टॉवेलच्या कारखान्यात तो सूत रंगवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो, रिक्षात विचारून घेतलेल्या पत्त्यावर, दुकानात हजर.

"रंग पक्का करायला आलोय," तो म्हणाला.

त्याने चामड्याचा तुकडा उकळत्या रंगात बुडवला. तुकडा पापडासारखा आक्रसला.

"हा टॉवेल नाही हो!" इफ्रा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मग मेण आणि जवसाचं तेल लावून पाहिलं. पाणी टिकेना, पण सगळी बॅग एकसारखी काळी पडली.

"भिजलेली म्हैस दिसतेय," ती कुरकुरली.

"म्हैस देखणी असते की," अतीक म्हणाला... पण बघत होता तिच्याकडे.

तो रोज येऊ लागला. कधी शेंगाचटणीची पुडी, कधी नुसताच हसरा चेहरा. साडेपाच वाजले की इफ्राचं सुईवर लक्ष राहीना.

बाराव्या दिवशी तिला सुचलं. आधी बिनरंगी लाखेचा पातळ हात दिला, तो वाळू दिला. त्यावर गडद रंग चोळून लगेच फडक्याने पुसला. तो फक्त कडांना आणि रेघांत राहिला. पुन्हा लाख, शेवटी मेण.

अतीकने तांब्याभर पाणी ओतलं. थेंब घरंगळून गेले. त्याने बॅगेवर रुमाल दाबला, उचलला—

"कोरा! इफ्रा, कोरा!"

पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली होती.

आठवड्याने पुण्याहून फोन आला. नमुना पसंत, चाळीस बॅगा हव्यात! इफ्राने एका दमात अतीकला सगळं सांगितलं. तो मनापासून हसला, मग हळूच म्हणाला,

"म्हणजे... आता माझं हितं काम संपलं."

तो उंबऱ्याशी जाऊन चपला घालू लागला. एक चप्पल घालायला इतका वेळ?

"अतीक... रंगाचं काम संपलंय." तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तू येत जा."

"कशाला?"

"मला करमत नाही... तू आला नाहीस की."

तो वळला. दोन पावलांवर येऊन थांबला.

"मलाही कारखान्यात करमत नाही गं. रविवारी अम्मीला घेऊन येऊ?"

इफ्रा उत्तर देणार, तोच पुढून, दुकानातून अब्बांचा आवाज आला—

"रविवार कशाला? उद्याच या की!"